सर्वानुमते मंजूर

आमच्या खात्यात किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. दर महिन्याला कर्जतला पंचायत समितीत आम्हा ग्रामसेवकांची आढावा बैठक असते. साहेब तासभर उशिरा येतात, आणि त्या तासात जिन्याखालच्या टपरीवर चहा पिताना प्रत्येकाकडून एक तरी नवा किस्सा निघतोच. खालापूरकडून बदलून आलेल्या एका सहकाऱ्याकडे तर इतके आहेत की तो म्हणतो, "आधी तुमचे होऊ द्या, माझे सुरू झाले तर मीटिंग राहील." मध्यंतरी आमचं पदनाम बदलून ग्रामपंचायत अधिकारी झालं. किस्से तेच राहिले.

टपरीवर मी माझे किस्से हसत हसत सांगते. पण ते घडत असताना मला एकदाही हसू आलेलं नाही. मी मुळात भित्री आहे. फोन वाजला की आधी आपलं काय चुकलं ते आठवते आणि मग नंबर बघते. पर्समध्ये कंगवा नसेल एक वेळ, पण ॲसिडिटीच्या गोळ्या असतात. त्यातून यंदा तर माझ्या हातच्या एका ठरावापायी अख्ख्या वाडीचं पिण्याचं पाणी जायची वेळ आली होती. ते सांगतेच. पण आधी माणसं कळली पाहिजेत.

माझी ग्रामपंचायत कोंडाण्याच्या लेण्यांकडच्या डोंगराला लागून आहे. नाव सांगत नाही, अजून तिथंच नोकरी करायची आहे. खाली गाव, रस्त्यापलीकडे मोहल्ला आणि वर डोंगरात ठाकरांची वाडी. तिन्हींची मिळून पंचायत एक, सरपंच एक. पण पंचायतीच्या कितीतरी आधीपासून गावात गावकी आहे, मोहल्ल्यात जमात आहे आणि वाडीत कारभारी आहे. त्यांना कोणी निवडून दिलेलं नाही आणि त्यांची मुदतही कधी संपत नाही.

मी बाई असूनही गावात मला "भाऊसाहेब" म्हणतात. माझ्या आधीच्या सगळ्या ग्रामसेवकांना तसंच म्हणायचे, आता माझ्यासाठी कोण बदलणार?

* * *

सरपंचपद अनुसूचित जमातीच्या बाईसाठी राखीव निघालं, तेव्हाची गोष्ट. वाडीतून दोघी उभ्या राहिल्या. एक कमळ, आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, आणि दुसरी तिचीच जाऊ. वाडीचे गोमा कारभारी या दोघींचे चुलतसासरे. त्यांची पंचाईत झाली. कोणाचं नाव घेतलं तरी एक सून दुखावणार.

एरवी वाडीत मतदान झालं की जो तो कारभाऱ्यांना येऊन सांगायचा, मी अमक्याला दिलं. ती रीतच होती. पण या वेळी निवडणुकीचे कर्मचारी मतदान गुप्त असतं म्हणून चांगलं तासभर समजावून गेले होते. कारभाऱ्यांनी ते मनावर घेतलं. मतदानाच्या दिवशी ते झाडाखाली बसले आणि येईल त्याला हातानंच थांबवत राहिले. "मला सांगू नका. त्यो बटन गुपित हाय."

लोकांना काही सुचेना. मत दिलं आणि कोणालाच सांगितलं नाही, असं कधी झालं नव्हतं. मग सगळे वळसा घालून घराच्या मागच्या अंगाला गेले आणि कारभाऱ्यांच्या बायकोला सांगून आले!

दुपारी चारला म्हातारीनं कमळला निरोप धाडला की चांगलं लुगडं धुऊन ठेव. मतमोजणी अजून व्हायची होती. ती झाली तेव्हा वाडीच्या केंद्रावर म्हातारीच्या आकड्यात आणि यंत्राच्या आकड्यात दोन मतांचा फरक निघाला. म्हातारी अजून म्हणते, मशीन चुकली.

* * *

कमळ सरपंच झाल्यावरची पहिली ग्रामसभा. अध्यक्ष म्हणून तिनं खुर्चीवर बसायला हवं. पण गोमा कारभारी शिरस्त्याप्रमाणे जमिनीवर बसलेले. चुलतसासरा खाली आणि सून वर, हे तिच्यानं होईना. ती सरळ खाली बसली.

नेमके त्याच दिवशी विस्तार अधिकारी तपासायला आलेले होते. मी नथूला, म्हणजे आमच्या शिपायाला, कारभाऱ्यांसाठी खुर्ची आणायला सांगितली. त्यांना वर बसवलं की कमळ बसेल, असा माझा हिशोब. कारभारी नको नको म्हणत, पाय वर घेऊन खुर्चीवर बसले.

ते गावकीच्या तात्यांनी बघितलं. तात्या सत्तरी ओलांडलेले, अंगानं काटकुळे, हातात गावकीच्या प्रमुखाची पिढीजात काठी. ती काठी जमिनीवर एकदा आपटली की गावात बोलणं थांबतं. ते नुसतेच कारभाऱ्यांच्या खुर्चीकडे बघत राहिले. मी दुसरी खुर्ची मागवली. मग मोहल्ल्याचे इक्बालभाई उभेच राहिले. जमातीची जबाबदारी त्यांच्याकडे असते. त्यांना तिसरी. चौथीवर विस्तार अधिकारी आधीपासून होते आणि पंचायतीकडे खुर्च्या चारच.

त्या दिवशीचं इतिवृत्त मी कपाटाला वही टेकवून उभ्यानं लिहिलं. सरपंच मात्र खालीच बसून होत्या. मी डोळ्यांनीच विनवलं, तर कमळ म्हणाली, "मॅडम, हितनं समद्यांची तोंडं दिसत्यात. तुमी लिवा."

* * *

वाडीत वर्षातून एक दिवस पाळणूक असते. त्या दिवशी वाडीच्या तोंडाशी आंब्याच्या पानांची दोरी बांधतात. आतलं माणूस बाहेर जात नाही, बाहेरचं आत येत नाही. दिवस कारभारी ठरवतात, आणि तो आदल्या दिवशीपर्यंत कोणालाही माहीत नसतो.

आमच्या वरिष्ठ साहेबांनी शौचालयांच्या पाहणीसाठी अचानक भेट देण्याचं ठरवलं, ते नेमकं त्याच दिवशी. जीप जिथवर जाते तिथवर नेली, पुढे धापा टाकत चढले, आणि समोर दोरी! दोरीच्या आत सरपंच हात जोडून उभ्या. बाहेर साहेब आणि मी. मला वाटलं, आता माझी बदली थेट रोह्याला.

साहेब दोरीला हात लावणार, एवढ्यात कारभारी आतून शांतपणे म्हणाले, "साहेब, येवा की. फकस्त आत आलात तर उद्या सकाळपातुर भाईर जाता यायचं नाय."

साहेबांनी हात मागे घेतला. मग पाहणी दोरीच्या दोन्ही बाजूंनी झाली. साहेब विचारायचे, कमळ मागे वळून बघून सांगायची. शेरेपुस्तकात साहेबांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: "वाडीस भेट दिली. आत गेलो नाही. समाधानकारक."

* * *

नळाच्या पाण्याचं वेळापत्रक मी आल्या आल्या ठरवलं होतं. पंचायतीच्या भिंतीवर रंगवून घेतलं: सकाळी सात ते आठ, सर्व वस्त्या. रंगाऱ्यानं खाली फूलही काढलं.

प्रत्यक्षात व्हॉल्व्ह नथूच्या हातात. गावात लग्न असलं की गावकी सांगते, आधी हळदीच्या घराकडे सोड. रमजान लागला की इक्बालभाई सांगतात, मोहल्ल्यात पहाटे सोड. नथू दोघांचंही ऐकतो आणि मला बघितलं की वेगळ्या वाटेनं जातो. लग्नघर आणि रमजान एकाच महिन्यात आले, तेव्हा तात्या आणि इक्बालभाई वडाच्या पारावर दहा मिनिटं बसले आणि उठले. कुठेही भांडण नाही, तक्रार नाही. मलाच तेवढं कोणी सांगितलं नाही.

पुढे जिल्ह्याहून तपासणी आली. अधिकाऱ्यांनी एका बाईला विचारलं, पाणी किती वाजता येतं? माझा जीव टांगणीला. तिचे हंडे तर पाचलाच भरलेले असायचे. तिनं पदर सावरला, भिंतीकडे बघितलं आणि वाचून सांगितलं, "सात ते आठ." अधिकारी खूश होऊन गेले.

खोटं का बोललीस, म्हणून मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "तुमी येवढ्या हौसेनं लिवलंय, त्ये खोटं कसं पाडायचं?"

* * *

आता माझा स्वतःचा किस्सा. हा मी टपरीवर अजून कोणाला सांगितलेला नाही.

कळंबच्या बाजूला रिसॉर्टं आहेतच, आता ती आमच्याकडेही सरकू लागलीत. अशाच एका शेठचा अर्ज आला. वाडीच्या वरच्या अंगाला जो झरा आहे, त्याचं पाणी पाइपनं खाली न्यायला ना-हरकत हवी. वाडीला वर्षभर पाणी त्याच झऱ्याचं. नळयोजनेचा पाइप तिथवर चढलेला नाही, कागदावर चढलाय. पण अर्जात झऱ्याचं नुसतं नाव आणि गट नंबर होता. वाडीचा झरा तो हाच, हे मला माहीत नव्हतं, आणि मी तो नंबर नकाशावर लावून बघितला नाही.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत अठरा विषय होते. झेंडावंदन होऊन ऊन चढलं होतं. हा चौदावा विषय मी वाचला, झऱ्याचं नाव घेतलं, आणि विचारलं, "कोणाची हरकत?" कोणी बोललं नाही. वाडीची पंचवीसेक माणसं समोर होती, तीही गप्प. मी सवयीनं लिहिलं: सर्वानुमते मंजूर. संध्याकाळी वही नथूबरोबर सरपंचांकडे सहीला पाठवली. ती सही होऊन परत आली.

मार्चमध्ये वाडीच्या वाटेवर काळ्या पाइपांची भेंडोळी येऊन पडली. दुसऱ्या दिवशी कमळ ऑफिसला आली आणि दारातच उभी राहिली.

"मॅडम, आमी तर नाय म्हनलो हुतो."

मी म्हटलं, "कधी? एकही माणूस बोललं नाही."

"त्येच तर," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. वाडीत कारभारी एखादी गोष्ट मांडतात, तेव्हा ज्याला ती पटली तो "व्हय" म्हणतो. ज्याला पटली नाही तो गप्प बसतो. कोणाच्या तोंडावर नाही म्हणायची वेळ कोणावर येत नाही. सगळेच गप्प बसले की विषय मिटला, उठून घरी जायचं. २६ जानेवारीला वाडीची पंचवीस माणसं माझ्यासमोर गप्प बसली होती. त्याहून मोठ्यानं त्यांना नाही म्हणता येत नव्हतं.

मी म्हटलं, "अगं पण तू सही केलीस. तुला वाचता येतं की."

ती खाली बघून म्हणाली, "तुमी लिवलेलं हुतं, म्हनून नाय वाचलं."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ती गेल्यावर मी इतिवृत्ताची वही काढली आणि मागची पानं चाळायला लागले. सर्वानुमते मंजूर, सर्वानुमते मंजूर, सर्वानुमते मंजूर. अक्षर माझंच. चार पानांच्या पुढे मला जाववेना. मी वही मिटून कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप घातलं.

* * *

माफी मागायला मी वाडीवर चढून गेले. वाटेत तीन वेळा थांबले, दोनदा दमून आणि एकदा परत फिरावं असं वाटून. कारभारी चिडतील, वाडी अंगावर येईल, असं काय काय मनात होतं.

कारभारी ओट्यावर दोरी वळत बसले होते. सगळं ऐकून घेतलं. पाणी दिलं, त्याच झऱ्याचं. मी तांब्या हातात धरून बसले. मग त्यांनी विचारलं, "बाय, तुज्या वहीत गप बसन्याला काय लिवत्यात?"

मी म्हटलं, "मंजूर."

त्यांचा दोरी वळणारा हात थांबला.

"मंग आमी लय काय काय मंजूर केलं आसंल," ते म्हणाले.

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी त्यांना सांगितलं की ठराव रद्द करता येतो. एक मेच्या ग्रामसभेत पुन्हा विषय घ्यायचा, या वेळी हात वर करून. पण वाडीचे हात पुरणार नव्हते, गावची माणसं दुपटीनं होती. गाव म्हणजे गावकी, आणि गावकी म्हणजे तात्या. तोवर शेठनं पाइप जोडायला माणसं लावली, तर ठराव रद्द होऊनही उपयोग नव्हता. मी कमळला रोज सकाळी फोन करून विचारायचे, पाइप तिथंच आहेत ना? शेवटी तीच म्हणाली, "मॅडम, पाइप पळाला तर मी सांगीन की."

* * *

तात्यांकडे गेले, तर गाठ वेगळ्याच ठिकाणी बसलेली निघाली.

शेठ पंचायतीत अर्ज द्यायच्या आधी गावदेवीच्या देवळात गेले होते. हे मला माहीतच नव्हतं. गावकीपुढे त्यांनी पाणी मागितलं, गावकीनं शब्द दिला की गाव आडवं येणार नाही, आणि देवीपुढे नारळ फुटला. तात्यांना वाटलं होतं खालच्या ओढ्याचं पाणी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला ते आले नव्हते, आणि झऱ्याचं कळलं तेव्हा पाइप येऊन पडले होते.

मी म्हटलं, "तात्या, मग सोपं आहे. तुमची फसगत झाली. शब्द मागे घ्या. मी नाही का ठराव फिरवत?"

ते हसलेसुद्धा नाहीत. "भाऊसाहेब, तुमचा कागूद फिरतो. फुटल्याला नारळ कसा फिरवू? इचारलं नाय ही चूक माजी हाय, शेठची नाय. आज शब्द फिरवला तर उद्या गावात माजं कोन ऐकंल?"

गावकीच्या शब्दाबाहेर जो जाईल त्याचं काय करता, असं मी विचारलं. सामाजिक बहिष्काराचा कायदा आहे, तक्रार झाली तर तुमच्यासकट माझी चौकशी लागेल, हेही सांगितलं. त्यांना राग आला.

"वाळीत कोन टाकतंय? त्ये दिस गेले. आमी फकस्त मान काढतो, जत्रंतला, देवळातला. समद्यांच्या म्होरं इचारतो आन मान काढतो."

निघताना ते दारापर्यंत आले. वाडीत लेकरं किती आहेत, ते त्यांनी मला विचारलं. मी आकडा सांगितला. ते मान हलवून आत गेले. मला वाटलं, संपलं सगळं.

* * *

एक मेची ग्रामसभा शाळेच्या वर्गात. ऊन असं की पत्रा तडतडत होता. मी सकाळपासून दोन गोळ्या घेतल्या होत्या.

वाडी सगळी उतरली होती, म्हाताऱ्यासुद्धा. गावची माणसं दुसऱ्या बाजूला. मोहल्ल्यातून दहा-बारा जण आले होते, इक्बालभाई म्हणाले की जमातीनं ज्याला त्याला मोकळं सोडलंय. खिडकीपाशी शेठचा मॅनेजर फाइल घेऊन. तात्यांची जागा रिकामी. गणपूर्ती झाली, सह्या झाल्या, आणि मी उभी राहून तीन वेळा सांगितलं, "आज गप्प बसण्याला काही अर्थ नाही. पटलं तर हात वर. नाही पटलं तरी हात वर, पण मी विचारीन तेव्हा."

जुनी ना-हरकत रद्द करायचा ठराव कमळनं स्वतः वाचला. झऱ्याचं नाव तिनं स्पष्ट घेतलं. कारभाऱ्यांनी हात वर केला, आणि त्यांच्यामागे वाडीचे सगळे. मोहल्ल्यातले निम्मे. मी मोजत होते. गावच्या बाजूनं एकही हात नाही. सगळ्यांचे डोळे दाराकडे. गाव विरोधात गेलं तर आकडा सरळ उलटा होणार होता, हे मला न मोजताच दिसत होतं.

तेवढ्यात तात्या आले. दारात चपला काढल्या. मग त्या चपलांशेजारी भिंतीला टेकवून काठी ठेवली. मी त्यांना काठीवाचून चालताना कधी बघितलं नव्हतं. भिंतीला हात लावत लावत ते माझ्या टेबलापाशी आले आणि मतदार कार्ड पुढे केलं.

"नाव लिवा."

मी म्हटलं, "तात्या, कार्ड कशाला? मी ओळखते की तुम्हाला."

"तुमी गावकीच्या तात्याला वळखता. ह्यो मतदार हाय. कारडावर हाय त्ये नाव लिवा."

मी लिहिलं. ते गावच्या माणसांत जमिनीवर बसले आणि त्यांनी हात वर केला. ठरावाच्या बाजूनं, म्हणजे झरा वाडीला राहावा म्हणून.

वर्गात कोणाला काही कळेना. गावची माणसं त्यांच्या हाताकडे बघायची आणि मग दाराबाहेरच्या काठीकडे. शेवटी मागून एकानं विचारलं, "तात्या, आमी काय करायचं?"

तात्या वळलेही नाहीत. "मला काय इचारतो रं? काठी भाईर हाय."

मग एक हात वर आला. मग दोन. मग आठ-दहा. बाकीचे हात मांडीवरच राहिले, आणि विरोधात कोण म्हणून मी विचारलं तेव्हाही ते मांडीवरच राहिले. मी दोनदा मोजलं. नोकरीत पहिल्यांदाच मी "सर्वानुमते" लिहिलं नाही. बहुमतानं असं लिहिलं, आणि हात वर केलेल्या प्रत्येकाचं नाव लिहिलं. सुरुवातीला कार्डावरचं ते नाव होतं, कारण तेवढंच आधी लिहिलेलं होतं. कमळ बाहेर जाऊन शाळेच्या नळावर तोंड धूत राहिली.

* * *

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला पोचले, तर पायरीवर तात्या बसलेले. हातात काठी. वहीच्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलेला अर्ज: कालच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची सही-शिक्क्याची नक्कल मिळावी.

इतिवृत्ताची नक्कल माणूस कशाला मागतो? अपील करायला. आदल्या संध्याकाळी शेठची गाडी तात्यांच्या दारात उभी असलेली नथूनं बघितली होती. अपील झालं की स्थगिती, आणि स्थगिती म्हणजे पाइप वाटेवर पडूनच राहणार. पुढे ते पाइप टेंपोत चढून निघून गेले, हे आता मला माहीत आहे. त्या सकाळी माहीत नव्हतं.

"तात्या, नक्कल कशाला हवी?" मी विचारलं.

"लागनार हाय."

नाही म्हणता येत नव्हतं, तो त्यांचा हक्क. मी शिक्का सापडत नाही म्हटलं. ते म्हणाले, थांबतो. शिक्का सापडला, तर शाई वाळलीय म्हटलं. ते म्हणाले, थांबतो. दुपारी बाराला मी नक्कल त्यांच्या हातात दिली. त्यांनी पहिलं नाव बोट ठेवून वाचलं, शिक्का उजेडात धरून बघितला, कागद टोपीत घातला आणि गेले. मी कमळला फोन करून सांगितलं. ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं म्हणजे काय, ते आता मला कळत होतं.

संध्याकाळी गावदेवीच्या देवळात गावकी बसल्याचं कळलं. मला तिथं बोलावणं नसतं. पण नथू गावकीतला आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ऑफिसचा केर काढायचा ठेवून मला सगळं सांगितलं.

तात्या आपल्या जागेवर बसले. शेठच्या मॅनेजरला मुद्दाम बोलावून समोर बसवलं होतं. तात्यांनी काठी आपटली आणि विषय मांडला. गावकीनं शेठना देवीपुढं शब्द दिला होता, गावच्याच माणसानं सभेत त्याच्याविरुद्ध हात वर केला. बाकीच्यांनी त्याचं बघून हात वर केले, त्यांचा दोष नाही. पहिला कोण, एवढंच बघायचं.

मग टोपीतून माझी नक्कल काढली, चष्मा लावला आणि नाव वाचून दाखवलं. "सरकारी शिक्का हाय. नाकबूल करता येनार नाय," असंही म्हणाले.

काठी जागेवर ठेवून ते उठले आणि पुढे येऊन खांबापाशी हात जोडून उभे राहिले. आता गावकीनं विचारायचं, तुला काय म्हणायचंय? ते प्रमुखानं विचारायचं असतं. कोणाची हिंमत होईना. थोडा वेळ वाट बघून तात्या परत आपल्या जागेवर जाऊन बसले, काठी हातात घेतली आणि समोरच्या रिकाम्या खांबाला विचारलं, "तुला काय म्हनायचंय?"

पुन्हा काठी ठेवली, पुन्हा उठले, पुन्हा खांबापाशी आले.

"काय नाय," ते म्हणाले.

पुन्हा जाऊन बसले. काठी आपटली आणि निकाल दिला. यंदाच्या जत्रेत पहिला नारळ या माणसाच्या हातानं फुटणार नाही. वर्षभर तो देवळात आत बसणार नाही, पायरीवर बसेल. मॅनेजरला विचारलं, "शेठचं समाधान झालं?" मॅनेजर नुसतीच मान हलवून उठला.

मग तात्यांनी काठी जागेवर आडवी ठेवली. एकेका खांबाला धरत बाहेर गेले आणि चपलांशेजारी पायरीवर बसले. आत सगळे मान खाली घालून.

नथू सांगतो, कोणी उठेना, कोणी काठीला हात लावेना. मग पायरीवरून तात्यांचाच आवाज आला, "म्होरला इषय काय हाय?"